वरचं दूध

दुधाच्या भुकटीचा डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर आठवडाभर नुसता बसून होता. आधी एकदा उघडून पाहिला असता तर पुढची पुष्कळ धावपळ वाचली असती. पण दीक्षितपुऱ्यातल्या त्या घरात डबा उघडायची कुणाची छाती झाली नाही.

"आईच्या अंगाला दूध असताना लेकराला वरचं दूध दाखवू नये," इंदिराबाईंनी डबा आला त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "दूध रुसतं. माझ्या नणंदेचं असंच झालं. एक दिवस हौसेनं गाईचं पाजलं, अन् पंधरवड्यात अंगचं आटलं."

विनता त्यांची सून. गृहविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली आणि बालसंगोपनाच्या पेपरात वर्गात पहिली आलेली. दूध कशानं येतं, कशानं आटतं, हे तिनं आकृतीसकट लिहून मार्क मिळवले होते. सासूबाईंचं बोलणं ऐकून ती मनातल्या मनात हसली. पण डब्याला तिनंही हात लावला नाही. आकृती परीक्षेपुरती ठीक होती. न जाणो, खरंच रुसलं तर?

मुलगी चार महिन्यांची. बारशाला नाव ठेवलं नर्मदा, पण एवढ्या मोठ्या नावानं एवढ्याशा जिवाला रोज कोण हाक मारणार, म्हणून नमू. अंगावरच्या दुधाशिवाय नमूनं अजून काही चाखलं नव्हतं. न्हाऊमाखू झाल्यावर आजी तिला चांदीच्या बोंडल्यानं, म्हणजे त्या चोच असलेल्या लहानशा वाटीनं, थोडं उकळलेलं पाणी पाजायची, तेवढंच.

आणि आता तिला तीन दिवस आईचं दूध बंद होणार होतं.

विनताला नागपूरहून, माहेरून परतल्यापासून आव धरली होती. पोटात मुरडा यायचा, खाल्लेलं अंगी लागायचं नाही, आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. महिनाभरापूर्वी एकदा गोळ्या सुरू केल्या होत्या. पण औषध दुधात उतरतं हे कळल्यावर तिनं दुसऱ्याच दिवशी त्या सोडून दिल्या आणि कुणाला सांगितलंही नाही. या खेपेला सिविल लाइन्समधल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं, उजव्या बरगडीखाली बोट टेकवताच ती कळवळली, तेव्हा त्यांचा आवाजच बदलला.

"पिछली बार आधे में छोड़ी थी न गोली? इस बार छोड़ोगी तो लिवर पकड़ लेगा. फिर पंद्रह दिन अस्पताल में पड़ी रहना, तब बच्ची को कौन पिलाएगा? तीन दिन गोली, तीन दिन दूध बंद. चौथे दिन दोपहर से पिलाओ. और हाथ से निकालकर फेंकती रहो, नहीं तो सूख जाएगा."

नवरा श्रीकांत शेजारी उभा राहून मान डोलवत होता. येताना त्यानं दुधाच्या भुकटीचा डबा घेतला आणि स्कूटरवर म्हणाला, "तीन दिवसच आहेत ना. भूक लागली की पिईल."

"आणि नाही प्यायली तर?"

"पिईल गं. भुकेला कोंडा."

नमूला म्हणी येत नव्हत्या.

आज-उद्या करत आठवडा गेला, मग गोळ्यांचा पहिला दिवस उजाडला. जानेवारीचा महिना होता, अंगणात ऊन यायला उशीर होता. विनतानं नमूला पोटभर पाजलं, मग आणखी थोडं पाजलं, मग झोपली होती तरी उचलून पाजायला पाहिलं. शेवटी इंदिराबाईंनी पोर तिच्या हातातून काढून घेतली. विनतानं पेजेबरोबर पहिली गोळी गिळली. तोंडाला पैसा चघळल्यासारखी चव आली. आता मागे फिरणं नव्हतं.

मग डबा उघडला गेला. बाटली, बूच, बोंडी, चिमटा, सगळं विनतानं आधीच उकळून ठेवलं होतं. डब्यावर लिहिलं होतं तसं मोजून भुकटी घातली. इंदिराबाईंनी बाळाच्या पाण्याची पातेली पुढे केली, तर तिनं हात आडवा धरला. "आई, हे नको. त्यात तुम्ही बाळंतशोप टाकलीय. नुसतं पाणी पाहिजे. डब्यावर तसंच लिहिलंय."

"बरं बाई. डब्याला जास्त समजते."

श्रीकांतनं त्या दिवशी फॅक्टरीतून रजा घेतली होती. नमू उठून कुरकुर करायला लागल्यावर पहिला मान त्याला मिळाला. त्यानं तिला मांडीवर घेतलं आणि बाटली तोंडाशी नेली. नमूनं बोंडी तोंडात घेतली, एक घोट ओढला, थांबली. बापाकडे असं पाहिलं की जणू त्यानं भर बाजारात तिचा खिसा कापला. मग जिभेनं बोंडी बाहेर ढकलली, दूध हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून झबल्यात, आणि तिनं जो टाहो फोडला तो समोरच्या घरातली माणसं गॅलरीत येईपर्यंत.

"बाटली सवयीची नाही," इंदिराबाई म्हणाल्या. "दे इकडे." त्यांनी दूध बोंडल्यात घेतलं, पोरीला पायांवर आडवं घातलं आणि गालाच्या कोपऱ्यातून धार सोडली. नमूनं गाल फुगवून सगळं त्यांच्या लुगड्यावर परत केलं. दुसऱ्यांदा तिनं ओठच उघडले नाहीत. एवढेसे ओठ, पण शिवून टाकल्यासारखे मिटले होते.

विनता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. रडणं कानावर पडलं की छातीत कळ यायची, पान्हा फुटायचा आणि ब्लाउज ओला व्हायचा. तिनं पदर आवळून घेतला. पोर उपाशी आणि आपण भरून आलेल्या, मध्ये फक्त एक गोळी. पेपरात हा प्रश्न कधी आला नव्हता.

इतक्यात बेबीताई आल्या. पलीकडच्याच घरातल्या, मूळ वर्ध्याकडच्या. भिंत सामाईक, त्यामुळे निरोपाची गरज नसायची.

"काहून रडवून राहिले पोरीला सकाळपासून? आमच्याकडे भिंतीवरचं कॅलेंडर हलून राहिलं ना!"

इंदिराबाईंनी सगळं सांगितलं. बेबीताईंनी चौकटीतल्या विनताकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अन् ही इथं उभी? अहो काकू, लेकराला मायचा वास येते ना! हलवायाच्या दुकानासमोर उभं करून कोणी सांगते का, की बाबा घरी जाऊन भाकर खा? चाल विनता, माझ्याकडे चाल. पोरगी पिईपर्यंत इकडे यायचं नाही."

"पण मी जरा..."

"जरा-बिरा काही नाही. चाल आता."

श्रीकांतनंही मान हलवली. "जा तू. मी इकडे बघतो. आणि डॉक्टरीणबाईंना विचारूनही येतो."

विनता गेली. जाताना तिनं हातानं दूध पिळून काढलं. ते मोरीत टाकायला निघाली तशी इंदिराबाई म्हणाल्या, "तिथं नको. पायदळी जाऊ नये. पेरूच्या बुडाशी टाक." तिनं अंगणातल्या पेरूच्या झाडाला ते घातलं.

"चला," श्रीकांत म्हणाला, "पेरूला तरी आव होणार नाही आता."

कुणी हसलं नाही. तो स्कूटर काढून निघून गेला.

बेबीताईंच्या घरात भिंतीला पाठ लावून विनता बसली. पलीकडे काय चाललंय ते भिंतीतून कळत होतं. आधी जोराचं रडणं, मग इंदिराबाईंचं "अले अले, कोणी मारलं माझ्या राणीला", मग थोडी शांतता. त्या शांततेत विनता भिंतीला कान लावायची. प्यायली वाटतं. मग पुन्हा टाहो.

"तू काहून इतकं मनाला लावून घेऊन राहिली?" बेबीताई तांदूळ निवडत म्हणाल्या. "माझ्या पुंडलिकाला मी सहाव्या महिन्यात सोडून वर्ध्याला गेली होती, सासरा वारला तेव्हा. बकरीच्या दुधावर वाढला तो. आता पाहा, दारात मावत नाही."

"पहिल्या दिवशी प्यायला होता?"

बेबीताईंचे हात थांबले. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या, हाच त्यांचा दोष. "पहिल्या दिवशी नाही," त्या म्हणाल्या. "पण प्याला मग."

ऊन अंगणात उतरलं. श्रीकांत परत आला आणि बेबीताईंच्या दारातूनच बोलला. त्याचा चेहरा सकाळसारखा नव्हता.

"बाई म्हणाल्या, चमच्यानं, बोंडल्यानं, कशानंही पाजा. लंगोट ओले होताहेत ना ते पाहा. पण संध्याकाळपर्यंत दूध नाहीच घेतलं तर तिला घेऊन या म्हणाल्या. मग तुझं औषध थांबवावं लागेल."

"आणि माझं दुखणं?"

"तुझं मग अस्पतालात बघू म्हणाल्या."

म्हणजे संध्याकाळी नमू प्यायली नाही तर दुसऱ्यांदा औषध अर्धवट सुटणार. विनतानं उजव्या बरगडीखाली नकळत हात ठेवला. तिथं दुखणं होतंच, बोट ठेवलं की बोलणारं. "तिनं काहीच घेतलं नाही का हो?"

"पाणी प्यायली. आंघोळीनंतर आईनं बोंडल्यानं रोजचं पाणी दिलं, ते घटाघटा प्यायली. मग त्याच बोंडल्यात दूध घातलं तर थुंकली. आई म्हणते, बाळ वेडं नाही, आपण वेडे."

तो गेला. बेबीताईंनी विनतासमोर ताट ठेवलं. आव असणाऱ्याला चालेल असं, मऊ भात आणि ताक. ती जेवली. भूक नव्हती, पण गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नव्हती. पलीकडे नमू आता रडत नव्हती, नुसती कण्हल्यासारखी कुरकुरत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

हात धुऊन आल्यावर विनतानं सवयीनं तळहात पुढे केला. बाळंतपणापासूनची सवय. जेवण झालं की माहेरी आई आणि इथं सासूबाई तिच्या हातावर भाजलेली बाळंतशोप ठेवायच्या, बरोबर ओवा आणि खोबऱ्याचा तुकडा. सव्वा महिना केव्हाच उलटला होता, तरी पाजती बाई म्हणून ते चालूच होतं. दोन्ही जेवणांनंतर, एकही दिवस न चुकता. आज सकाळी मात्र विनतानंच "मसाला बंद सांगितलाय" म्हणून ती डबी बाजूला सारली होती.

बेबीताईंनी तिच्या हातावर आपल्या डब्यातली बडीशोप ठेवली, वर खडीसाखर. विनतानं ती तोंडात टाकली आणि चावता चावता थांबली. वाईट नव्हती. गोड होती, गार होती. पण तोंड दुसऱ्याच चवीची वाट पाहत होतं, ती उग्र, किंचित कडवट, नाकात चढणारी, आणि ही भलतीच कुणीतरी आत आली होती. थुंकून टाकावीशी वाटली.

"काय झालं? खडा लागला का?"

"नाही." विनता बडीशोप तोंडात तशीच धरून बसली. मग म्हणाली, "ताई, मी रोज जे खाते ते माझ्या दुधात उतरत असेल?"

"उतरणारच ना. औषध उतरते म्हणूनच तर हा सगळा तमाशा चालला आहे."

विनता उठली. औषध उतरतं हे तिला ठाऊक होतं. एका गोळीच्या भीतीनं ती महिनाभर आव अंगावर काढत राहिली होती. पण चार महिने रोज दोन वेळा मूठ मूठ बाळंतशोप खाल्ली, ती कुठं जात असेल असा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. नमूनं जन्मल्यापासून जे दूध प्यायलं होतं, ते सगळं बाळंतशोपेचंच होतं. पाणीही बाळंतशोपेचं. म्हणून पाणी प्यायली. आणि दुधाच्या वेळी सकाळी आपणच हात आडवा धरला.

"कुठं चालली? तुला मना केलं आहे ना!"

"दारातूनच सांगते."

आपल्या घराच्या पडवीत उभी राहून तिनं हाक मारली. "आई, ते दूध टाकून द्या. तुमच्या पातेलीतल्या पाण्यात नवीन करा. बाळंतशोपेच्या."

इंदिराबाई नमूला खांद्यावर घेऊन बाहेर आल्या. दिवसभरात त्यांचा अंबाडा सुटून खाली आला होता. नमूनं मान टाकली होती, पण आईचा आवाज ऐकून डोळे इकडे वळवले. विनता चटकन भिंतीआड झाली.

"आता काय?" इंदिराबाई म्हणाल्या. "सकाळी तूच म्हणाली ना, डब्यावर लिहिलंय नुसतं पाणी? तेव्हा माझ्या पातेलीला विटाळ झाला होता."

"चुकलं माझं. मापं डब्याचीच ठेवा, पाणी तुमचं घ्या. ती चव शोधतेय, आई. दूध नाही सोडलंय तिनं."

"आणि बाधलं तर?"

"रोज तेच पाणी पितेय ना? आणि माझ्यातून तीच शोप. बाधायचं असतं तर चार महिन्यांत बाधलं असतं."

इंदिराबाईंनी नमूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या, "श्रीकांत, मघाचं पाणी संपलं. नवीन ठेव उकळत. चिमूटभरच टाक, मूठ नको. अन् वस्त्रगाळ करून घे, काडी राहायला नको." आणि भिंतीकडे तोंड करून, "तू जा बेबीकडे. हलवायाचं दुकान समोर नको."

विनता गेली नाही. पडवीच्या कोपऱ्यात, तुळशीच्या मागे, जिथून आतलं दिसत नव्हतं पण ऐकू येत होतं, तिथं बसून राहिली. बेबीताईही तिच्यामागून आल्या आणि बाजूला टेकल्या. स्टोव्हचा आवाज आला, मग तो बंद झाला. पाणी निवायला वेळ लागत होता. मग तो वास अंगणात आला. बाळंतिणीच्या खोलीचा वास. विनताच्या छातीत पुन्हा कळ आली.

आत नमू एकदा कुरकुरली. बोंडलं वाटीला लागल्याचा बारीक आवाज झाला. मग काहीच नाही.

"थुंकली का?" विनता पुटपुटली.

"शूः."

पुन्हा बोंडलं वाटीला लागलं. मग एक आवाज आला, लहानसा, घशातला. गुटुक. आणि जरा वेळानं आणखी एक. बेबीताईंनी विनताचा हात दाबला, इतका की बांगडी रुतली.

"प्यायली गं," आतून इंदिराबाईंचा आवाज आला, पण हळू, पोरीला चाहूल लागू नये म्हणून. "तोंड वेडंवाकडं करून राहिली, पण पिऊन राहिली. श्रीकांत, आणखी कर. अरे, उभा काय राहिला? कर ना!"

विनता तुळशीमागे बसून रडली. फार नाही. बेबीताई म्हणाल्या, "आता काहून? आता तर प्यायली," आणि स्वतःही पदरानं नाक पुसलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे नमूला न्यावं लागलं नाही. श्रीकांत एकटाच जाऊन सांगून आला. बाळंतशोपेचं हिंदी नाव घेऊन बाई हसल्या म्हणे. "सोया के बीज? चलो, पी रही है न, बहुत है. पानी हल्का ही रखना." पुढचे दोन दिवस सोपे गेले असं नव्हे. नमू पहिल्यासारखं पोटभर प्यायची नाही, मध्येच थांबून दाराकडे पाहायची, बाटली तर तिनं शेवटपर्यंत तोंडाला लावू दिली नाही. बोंडल्यानं पाजता पाजता इंदिराबाईंची कंबर धरली. विनता गोळ्या गिळत राहिली, पेरूला दूध घालत राहिली, आणि पोट हळूहळू शांत होत गेलं.

तिला आता दुसरीच धास्ती होती. नमू आपल्याकडे परत आली नाही तर? सासूबाईंच्या नणंदेची गोष्ट अधूनमधून डोकं वर काढायची. दूध पिळून काढलं तरी पहिल्या दिवसाइतकं येत नव्हतं, का तसं वाटत होतं, कोण जाणे. आणि गोळीची ती पैशासारखी चव तोंडातून जात नव्हती. दुधातही तीच असणार, तिनं मनाशी म्हटलं.

चौथ्या दिवशी विनता जेवली आणि स्वतःच फळीवरची डबी काढली. बाळंतशोप हातावर घेतली, नीट चावून खाल्ली. मग आणखी थोडी घेतली. इंदिराबाई पाहत होत्या.

"मसाला बंद आहे ना?"

"हा मसाला नाही, आई."

"मग काय आहे?"

विनतानं डबी फळीवर परत ठेवली. ती उन्हात भिंतीला टेकून बसली. दुपार कलायला लागल्यावर इंदिराबाईंनी नमूला आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि आपण दोन पावलं मागे उभ्या राहिल्या. नमूनं आईकडे पाहिलं. ओठ मिटलेले. विनतानं पदर घेतला, तिला जवळ ओढलं, आणि ती नाक घासत राहिली, इकडे तिकडे, जणू पत्ता विसरली होती. मग तिनं तोंड लावलं. एक घोट ओढला आणि थांबली.

विनतानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

नमूनं तिच्या ब्लाउजची कड मुठीत पकडली आणि ओढायला लागली, पुन्हा पुन्हा, नाकानं जोरात श्वास घेत, मध्ये एकदा ठसका लागला तरी न सोडता. इंदिराबाई वळून आत गेल्या. आत भांडी जरा जास्तच वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांत फॅक्टरीत जायला निघाला तेव्हा त्याच्यासमोर चहा आला. दूधवाला आला नव्हता, आणि उरलेली भुकटी वाया घालवायची नाही असं ठरलं होतं. त्यानं एक घोट घेतला आणि कपात पाहिलं.

"आई, या चहाला बाळंतशोपेचा वास येऊन राहिला."

"पातेली तीच होती," आतून इंदिराबाई म्हणाल्या. "पी गुमान. तुझ्या पोरीनं न कुरकुरता प्यायलं."

"न कुरकुरता?" श्रीकांत म्हणाला, आणि विनताकडे पाहिलं. ती नमूला पाजत होती. तिनं हसून मान फिरवली. त्यानं चहा संपवला.